नऊ दिवस नाहीत गं, बारा बैठका आहेत

मॅडम, नमस्कार.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री घेऊन. राहते बदलापूरला, कॉलेज माटुंग्याला. पुढच्या शनिवारपासून गणपतीची सुट्टी लागतेय, शनिवार ते त्यापुढचा रविवार, एकूण नऊ दिवस. सुट्टी संपल्यावर तिसऱ्याच दिवशी फिजिकल केमिस्ट्रीची इंटर्नल आहे, त्याच आठवड्यात जर्नलचं सबमिशन. शिवाय पहिल्या वर्षाच्या मॅथ्सची केटी आहे, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा द्यायचाय, तिची परीक्षा दिवाळीच्या आधी. गेल्या वर्षी याच सुट्टीत मी खूप काही ठरवलं होतं, झालं काहीच नाही. म्हणून या वेळी रोज बारा तासांचं टाइमटेबल केलंय.

पण घरचे म्हणतात, गावाला चल. आमचा गणपती संगमेश्वर तालुक्यात, दीड दिवसाचा. सोमवारी निघायचं, शुक्रवारी परत. मी म्हटलं, मी इथेच थांबते, तर आई दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये. बाबा म्हणतात, पुस्तकं घेऊन चल. तिथे तीस-चाळीस माणसं असतात, पुस्तक उघडायला जागा नसते. इथे थांबले तरी घर वन रूम किचन. आजी गुडघ्यांमुळे गावाला येत नाही, सोबतीला आत्या येते, आणि मग दोघींच्या मालिका सुरू. थांबू की जाऊ? आणि सुट्टीचा खरंच उपयोग करायचा तर कसा?

— एक विद्यार्थिनी, बदलापूर

*

गावाला जा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण अभ्यासापेक्षा या एका प्रश्नानेच तुला जास्त दमवलेलं दिसतंय.

तू थांबलीस तर काय होईल, ते मला दिसतंय. सोमवारी सगळे गेल्यावर घर शांत वाटेल, दोन तास बरे जातील. मंगळवारी आत्या म्हणेल, जरा खाली जाऊन दूर्वा घेऊन ये. बुधवारी सकाळपासून इमारतीत आरत्या, दुपारी गावाहून व्हिडिओ कॉल, त्यात आई नीट बोलणार नाही, चुलत भावंडं मुद्दाम मोदक दाखवणार. त्या दिवशी तुझ्या हातून दोन पानंही पुढे सरकणार नाहीत. वर ‘एवढं थांबून काय केलं’ हा प्रश्न रात्री उशाशी. एकतीस वर्षं मी शिकवलं. सुट्टीत अभ्यासासाठी घरी थांबलेली आणि सुट्टीनंतर गावाला जाऊन आलेल्यांपेक्षा जास्त थकलेली मुलं मी दरवर्षी बघायचे.

आता तुझं बारा तासांचं टाइमटेबल. रागावू नकोस, पण ते फाड. मीसुद्धा एकदा केलं होतं, चौदा तासांचं, विषयवार रंगीत पेन्सिलींनी. आमची गिरगावातली दहा बाय बाराची खोली, भिंतीवर तो कागद खळ लावून चिकटवला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्यावर कॅलेंडर टांगलं, दिसू नये म्हणून.

यात तुझा-माझा आळस नाही, माणसाचा अंदाजच असा चुकतो. 1994 साली कॅनडातल्या संशोधकांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, तुमचं काम किती दिवसांत पुरं होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे 34 दिवस. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. आणि ही वर्षाच्या शेवटाला आलेली, आपलं काम ओळखणारी मुलं. आपण ठरवताना उत्तम दिवस डोळ्यापुढे धरतो. त्या दिवशी लाइट जात नाही, पाहुणे येत नाहीत, डोकं दुखत नाही. असा दिवस बदलापुरात तरी मी अजून ऐकलेला नाही.

म्हणून सुट्टी मोठी करू नकोस, लहान कर. नऊ दिवस म्हणताना तू मनातल्या मनात 108 तास धरलेस, तिथेच गेल्या वर्षीची चूक पुन्हा झाली. नीट मोजू या. सोमवार ते शुक्रवार गाव, ते पाच दिवस सरळ वजा. उरले चार : पहिले शनिवार-रविवार आणि शेवटचे शनिवार-रविवार. या चार दिवसांत रोज दीड-दीड तासाच्या तीन बैठका. म्हणजे बारा बैठका, अठरा तास. बस्स. तुझ्याकडे एवढंच आहे, आणि एवढं पुरतं.

दीड तास कुठून आला तेही सांगते. एमएस्सीला असताना मी फोर्टला विद्यापीठाच्या लायब्ररीत बसायचे, राजाबाई टॉवरच्या इमारतीत. हा टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव लावलं. त्यांच्या आईची दृष्टी गेली होती, सूर्यास्तापूर्वी जेवायचा नेम होता, घड्याळाच्या टोल्यांवरून तिला वेळ कळायची, असं सांगतात. मलाही तशीच कळायची, कारण माझ्याकडे मनगटी घड्याळ नव्हतं. दर पाव तासाला टोले. दुसऱ्या-तिसऱ्या टोल्यापर्यंत मन जाग्यावर यायचं, पाचव्यानंतर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचते आहे असं लक्षात यायचं. सहावा झाला की मी उठून समोर ओव्हल मैदानावर एक चक्कर मारायचे. कुणाचं पाऊण तासात मन उडतं, कुणाचं दोन तास टिकतं. तुझं किती ते पहिल्या शनिवारीच कळेल. तोवर माझे सहा टोले उसने घे.

बारा बैठकांची वाटणी मी अशी करीन : मॅथ्सला पाच, फिजिकल केमिस्ट्रीला चार, जर्नलला दोन, आणि एक रिकामी. रिकामी म्हणजे खरोखर रिकामी, जे सांडेल ते भरायला. काही सांडलं नाही तर झोप काढ.

तुझी खरी अडचण मॅथ्स आहे. इंटर्नलचं नाव तू आधी लिहिलंस आणि केटी शेवटी, ‘शिवाय’ म्हणून. ज्याची भीती वाटते ते माणूस शेवटी सांगतो. आणि अभ्यासालाही शेवटीच घेतो, हे त्याहून वाईट. म्हणून पहिल्या शनिवारची पहिली बैठक मॅथ्सची, आणि त्यात वही उघडायची नाही. एक जुनी प्रश्नपत्रिका घे, घड्याळ लाव, सोडव. नाही येणार. अर्धीही येणार नाही कदाचित. पेपर अर्ध्यात टाकून उठू मात्र नकोस, प्रत्येक प्रश्नाला हात लावच. मग तीन रंगांनी खुणा कर (रंगीत पेन्सिलींचा हा एक उपयोग मला मान्य आहे) : हे येतं, हे अर्ध्यापर्यंत येतं, हे मुळीच येत नाही. पुढच्या चार बैठका फक्त मधल्या रंगाच्या. बहुतेक मुलं ‘मुळीच येत नाही’पासून सुरुवात करतात, धडा पहिला, पान एक, आणि सुट्टी त्याच पानावर संपते. तुला केटी सोडवायची आहे, गणितात डॉक्टरेट नाही. सिरीज कन्व्हर्ज होते का हे बघायची रीत ठाऊक आहे, पण कुठली टेस्ट कुठे लावायची तिथे घोळ होतो, अशा जागी चार उदाहरणांत मार्क हाती लागतात. मुळीच न येणारं दिवाळीआधी सरांना विचारता येईल, तुझ्याकडे अजून आठवडे आहेत.

केमिस्ट्रीला माझा जीव अडकतो, तेव्हा थोडं लांबेल.

तू फिजिकल कशी वाचतेस ते मला न बघता माहीत आहे. नोट्स, हायलायटर, पुन्हा नोट्स. तिसऱ्या वाचनाला सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असं आपण धरून चालतो. स्टेशनवर रोज दिसणारी बाई ओळखीची असते, नाव माहीत असतं का तिचं? रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी तेच पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर पारडं फिरलं : लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना 42. पेपर पाच मिनिटांनी असेल तर वाच बापडी. तुझा तर पंधरवड्याने आहे.

म्हणून प्रत्येक बैठकीत पहिला अर्धा तास वाचन, मग वही बंद, कोरा कागद. थर्मोडायनॅमिक्स घे. डेल्टा जी म्हणजे डेल्टा एच वजा टी गुणिले डेल्टा एस, हे तू झोपेतही म्हणशील : एच उष्णतेचं, टी तापमान, एस एन्ट्रॉपी म्हणजे विस्कळीतपणाचं माप, आणि डेल्टा जी उणे आलं की गोष्ट आपोआप घडते. आता कोऱ्या कागदावर मला सांग, बर्फ 10 अंशाला आपोआप वितळतो आणि उणे 10 ला का वितळत नाही? वितळायला मोलमागे 6.01 किलोज्यूल लागतात आणि एन्ट्रॉपी 22 ज्यूल प्रति केल्विनने वाढते. डेल्टा जी शून्य कुठे होतं ते काढायला किलोज्यूलचे ज्यूल करून भागाकार कर. 273 येईल, केल्विन. म्हणजे बरोबर शून्य अंश सेल्सिअस. हा आकडा स्वतःच्या हातून पहिल्यांदा निघतो तेव्हा अंगावर काटा येतो, निदान माझ्या आला होता. ते सूत्र नंतर विसरता येत नाही. इंटर्नलला नेमकं हेच विचारतील असं नाही, पण साइन चुकवून, किलोज्यूल आणि ज्यूल एकत्र करून जे मार्क जातात ते तरी जाणार नाहीत. तपासणारी म्हणून सांगते, निम्मे मार्क तिथेच जातात.

आता गावाच्या पाच दिवसांबद्दल. तुला वाटतं ते अभ्यासातून गेले. मी म्हणते, पहिल्या शनिवार-रविवारी नीट बसलीस तर ते अभ्यासातच आहेत. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1885 साली छापले. शिकलेलं किती वेगाने ओसरतं हे त्याने मोजलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याचं दुसरं निरीक्षण मला जास्त उपयोगी वाटतं : तेवढीच उजळणी एका दमात करण्यापेक्षा दिवस सोडून सोडून केली तर जास्त टिकते. मध्ये थोडं विसरायला होतं, पुन्हा आठवताना ताण पडतो, आणि त्या ताणाने ते घट्ट बसतं. तू थांबून सलग नऊ दिवस थर्मोडायनॅमिक्स घोटलं असतंस, तर हा मधला खंड मिळालाच नसता. म्हणून अट एकच. परत आल्यावर दुसऱ्या शनिवारी नोट्स उघडण्याआधी कोरा कागद घे आणि पहिल्या आठवड्याचं काय उरलंय ते लिही. बरंच गेलेलं असेल. घाबरू नकोस, जे गेलं त्याचीच यादी तुला हवी होती.

गाडीत अभ्यास होईल ही आशा मात्र सोड. गणपतीतली दिवा-सावंतवाडी, त्यात सामान, पाट, मखराचे तुकडे आणि कुणाचं तरी रडणारं मूल. बसायला मिळालं तर झोप. रोज साडेपाचला उठून लोकल पकडणाऱ्या मुलीची झोप कित्येक आठवड्यांची थकलेली असते, आणि झोपेत डोकं दिवसभराचं शिकलेलं लावून ठेवतं. तो वेळ वाया गेला असं समजू नकोस.

बाबांनी सांगितल्याप्रमाणे पुस्तकांचं गाठोडंही नेऊ नकोस. न उघडता परत आलेलं पुस्तक दुप्पट जड होतं. एक पातळ वही, एक पेन, आणि घडी केलेल्या कागदावर दहा प्रश्न. बस.

आणि आईशी बोल. आजच. ‘मला अभ्यास आहे’ हे वाक्य आईला ‘मला तुमच्यात यायचं नाही’ असं ऐकू येतं, म्हणून ती गप्प आहे. तिला सांग, मी येते, पण मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सहा ते साडेसात मला कुणी हाक मारायची नाही. मंगळवारी हरतालिका, आई-काकूंचे उपास, त्यात घर झाडणं, भांडी काढणं, दुसऱ्या दिवसाचे नारळ खवणं. कामाची मुलगी म्हणून पहिली हाक तुलाच येणार. तुझ्या पत्रात त्याबद्दल अक्षर नाही, पण मीही कोकणातल्याच घरातली लेक. तिथे पुस्तक उघडायला जागा नसते म्हणतेस, जागा असते. मुलीला ती मागावी लागते, मुलग्याला मिळते. तेव्हा नारळ खवायला एखादा चुलत भाऊही चालतो, असं हसत हसत काकूला सुचव. दोन सकाळी मिळाल्या तर वरकमाई, बाराच्या हिशेबात त्या धरायच्या नाहीत. बुधवारी काहीच नको. बुधवारी गणपती.

आता गंमत म्हणून एक. उकडीचे मोदक चुलीवर चढतील तेव्हा मोदकपात्राशी उभी राहा आणि मनात विचार कर : पाणी 100 अंशाचं, वाफही 100 अंशाची, मग वाफेचा चटका इतका वाईट का लागतो? एक ग्रॅम वाफ मोदकाच्या पारीवर पाणी होते तेव्हा जवळपास 2260 ज्यूल सोडून जाते. त्याच एक ग्रॅम उकळत्या पाण्याला 100 वरून 30 अंशावर यायचं तर ते किती देईल? हा हिशेब करून कुणा बारावीच्या भावंडाला समजावून सांग. सांगताना जिथे अडखळशील, तिथे तुझी समज कच्ची आहे असं समज. आमच्याकडे मी हे दरवर्षी करते आणि दरवर्षी कुणीतरी म्हणतं, ‘झालं हिचं सुरू.’

जर्नलचं सोपं आहे. आकृत्या, ग्राफ, रीडिंगांची फेअर कॉपी, याला डोकं थोडं आणि हात जास्त लागतो. हे काम संध्याकाळी आजीच्या मालिकेसमोर कर. त्या घरात टीव्हीशी भांडून काही साधणार नाही, तेव्हा त्याला कामाला लाव. आजीलाही बरं वाटेल, नात शेजारी बसलीय. मैत्रिणीची रीडिंग उतरवू नकोस एवढंच. दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत सारखी टायट्रेशन दोन मुलींची येत नसतात, आम्हाला कळतं, आम्ही फक्त रोज बोलत नाही.

सकाळच्या दोन बैठका मालिका सुरू व्हायच्या आत उरक. घराजवळ अभ्यासिका असेल तर तिथे जा. मुंबईत मात्र येऊ नकोस. दादरला, फोर्टला बसायला सुंदर जागा आहेत, मी सगळ्यांवर जीव लावलेला आहे, पण रोज जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या मुलीला सुट्टीने जर काही दिलं असेल तर ते हेच तीन तास. ते परत रेल्वेला देऊ नकोस.

मोबाइलवरच्या ग्रुपचं काय करायचं ते तुझं तू ठरव. एक मुलगी ‘मी काहीच केलं नाहीये यार’ लिहिते आणि दुसरी रात्री दोनला चाळीस पानांची पीडीएफ टाकते. दोघीही खोटं बोलत असतात.

सर्वांत घाईचं काम सुट्टीच्या आधीचं आहे, आणि ते शुक्रवारच्या आत करायचं. लायब्ररी सुट्टीत बंद असली तर पुस्तक मिळणार नाही, तेव्हा मॅथ्सचं हवं ते आजच काढ. केटीचा फॉर्म भरलास का, फी गेली का, पावती कुठे आहे, हे ऑफिसात विचार. अभ्यास होऊन फॉर्म राहिलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांना समजावणं फार अवघड जातं. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढ, मोबाइलमध्ये फोटो नकोत, नाहीतर प्रश्न बघायला म्हणून हातात घेतलेला फोन तासाभराने खाली ठेवशील. लॅबमध्ये जाऊन तुझे कुठले प्रयोग राहिलेत, कशावर सही नाही, ते लॅब असिस्टंट काकांकडून लिहून घे. मॅडमना जे विचारायचं ते विचार. सुट्टीच्या आदल्या दिवशी शंका विचारायला आलेली विद्यार्थिनी आम्हाला वर्षभर लक्षात राहते, कारण ती एकटीच असते.

शुक्रवारी रात्री गावाहून परतायला उशीर होईल, गाड्या वेळेवर नसतात. तेव्हा शनिवारी सकाळची बैठक नऊला ठेव, सहाला नको. अंग आंबलेलं असेल, पिशवीत खोबऱ्याच्या वड्या असतील. त्या समोर ठेव आणि कोरा कागद घे.

मोदकाच्या हिशेबाचं उत्तर मला कळव. ज्यूलमध्ये, युनिटसकट.